न विसरता येणारा सामना कुणाच्या मालकीचा?

14 मे 1988 रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर विम्बल्डन या लंडनच्याच फुटबॉल क्लबने लिव्हरपूलला 1-0 असं हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांची बाद पद्धतीची मोठी स्पर्धा, जिंकला. हा क्लब इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये आला तो 1977 मध्ये, म्हणजे जेमतेम 11 वर्षांपूर्वी. समोर होता त्याच मोसमाचा लीगविजेता. लॉरी सांचेझने हेडरने गोल केला. उत्तरार्धात लिव्हरपूलला पेनल्टी मिळाली, जॉन ऑल्ड्रिजने ती मारली आणि गोलरक्षक डेव्ह बेझंटने झेपावून अडवली. त्या दिवशी मैदानात असलेल्या विम्बल्डनच्या चाहत्याला आणखी काही सांगायची गरज नसते. 'मी तिथे होतो' एवढं पुरतं.

पुढे 14 वर्षांनी, मे 2002 मध्ये, तीन जणांच्या एका आयोगाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी हा क्लब लंडनमधून उचलून सुमारे 90 किलोमीटर दूर मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी दिली. चाहत्यांनी स्वतःचा नवा क्लब काढायची भाषा केली, तेव्हा असं करणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असंही त्याच आयोगाने लिहून ठेवलं. चाहत्यांनी तरीही क्लब काढला. मोकळ्या मैदानावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली, नवव्या पायरीवरच्या लीगपासून सुरुवात केली आणि 2011 मध्ये एएफसी विम्बल्डन फुटबॉल लीगमध्ये परतला. मग प्रश्न उरला 1988 च्या कपाचा. कागदाच्या हिशेबाने तो मिल्टन कीन्सला गेलेल्या क्लबचा. पण 2007 मध्ये त्या कपाची प्रतिकृती आणि जुन्या क्लबचा बाकीचा वारसा लंडनच्या मर्टन या भागाच्या नगर प्रशासनाकडे सोपवला गेला. मिल्टन कीन्सच्या क्लबने तो इतिहास आपला नाही हे मान्य केलं. एखाद्या सामन्याची आठवण कंपनीबरोबर हलत नाही, ती माणसांबरोबर राहते, ही गोष्ट इथे कागदावर कबूल झाली.

या कबुलीला मी फार मोठी मानतो. व्यावसायिक फुटबॉलमधला न विसरता येणारा सामना हा क्लब आणि प्रेक्षक यांनी मिळून घडवलेला असतो. म्हणून क्लबचं नाव, रंग, मैदान आणि मैदानात बसण्याची जागा यांच्याबद्दलचे निर्णय एकट्या मालकाच्या हाती असू नयेत. चाहत्याला त्यात नुसता मान नव्हे, मताचा अधिकार हवा. हे भावनेच्या भरात केलेलं विधान वाटेल, पण त्यामागे खेळाच्या घडणीतूनच आलेली कारणं आहेत.

पहिलं कारण असं की, कोणता सामना न विसरता येणारा ठरेल हे आधी कुणालाच माहीत नसतं. 26 मे 1999 रोजी बार्सिलोनात चॅम्पियन्स लीग या युरोपच्या क्लबांच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता, मँचेस्टर युनायटेड आणि बायर्न म्युनिक यांच्यात. मारिओ बास्लरने सहाव्या मिनिटाला केलेल्या गोलवर बायर्न म्युनिक 90 मिनिटं संपेपर्यंत पुढे होतं. यूईएफए या युरोपच्या फुटबॉल संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष लेनार्ट योहान्सन करंडक देण्यासाठी आपली जागा सोडून खाली निघाले. भरपाई वेळेत युनायटेडच्या टेडी शेरिंगहॅमने आणि त्याच्या पाठोपाठ ओले गुन्नार सोल्शारने गोल केला. योहान्सन मैदानावर पोहोचले तेव्हा जे जिंकले असं त्यांना वाटत होतं तेच रडत होते. युरोपच्या फुटबॉलमधला सर्वात अधिकाराचा माणूस, सर्वात चांगली जागा, आणि सामन्याचा तोच क्षण हुकला. दूरच्या स्टँडमध्ये शेवटपर्यंत उभं राहिलेल्या साध्या माणसाकडे मात्र तो क्षण आहे.

पण याच आठवड्यातला दुसरा सामना मला जास्त सांगावासा वाटतो. मँचेस्टर युनायटेडने युरोप जिंकल्यानंतर चारच दिवसांनी, 30 मे 1999 रोजी, वेम्बलीवर मँचेस्टर सिटी खेळत होती. कशासाठी? तिसऱ्या श्रेणीतून दुसरीत जाण्यासाठी. समोर जिलिंगहॅम. नव्वदावं मिनिट उजाडलं तरी सिटी 0-2 ने मागे होती आणि तिचे बरेच चाहते बाहेरच्या वाटेला लागले होते. मग केविन हॉरलॉकचा गोल आला, भरपाई वेळेच्या पाचव्या मिनिटाला पॉल डिकॉवचा आला आणि सिटी पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकली. त्या मोसमात तिसऱ्या श्रेणीतल्या या संघाच्या घरच्या सामन्यांना सरासरी सुमारे 28 हजार प्रेक्षक येत होते. ना टीव्हीचा झगमगाट, ना तारांकित खेळाडू, ना करंडकाची आशा. शेजारचा क्लब युरोपचा राजा होत असताना ही माणसं लहानशा गावांच्या मैदानांवर जाऊन पराभव बघत होती.

13 मे 2012 रोजी सिटीने क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध भरपाई वेळेत दोन गोल करून 44 वर्षांनी लीग जिंकली. सर्जिओ अग्वेरोचा तो गोल जगभर कोट्यवधींनी पाहिला असेल. पण 1999 चा दिवस पाहिलेल्या माणसाने तो गोल पाहणं ही वेगळीच गोष्ट होती. त्याच्यासाठी त्या गोलमागे तेरा वर्षं उभी होती. आठवणीचं मोल त्या एका क्षणात नसतं, त्याआधीच्या कंटाळवाण्या, हरलेल्या, पावसात भिजलेल्या सामन्यांत असतं. नियमाने येणारा प्रेक्षक ते मोल आधीच चुकवत असतो, कसलीही खात्री नसताना.

आजच्या तिकिटांच्या बाजाराला नेमकं हेच कळत नाही, किंवा कळून वळत नाही. मागणी वाढेल तशी किंमत वाढवायची, ही पद्धत 2026 च्या विश्वचषकासाठी फिफाने उघडपणे स्वीकारली. क्लबही त्याच वाटेने निघाले आहेत. या पद्धतीत तिकीट म्हणजे एका मोठ्या प्रसंगाचा प्रवेश. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने यावं, एकदा बघावं, फोटो काढावा, जावं. एकदा येणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात अजिबात आकस नाही; आयुष्यभर दुरून प्रेम केलेल्या संघाला एकदा डोळ्यांनी पाहण्यासाठी साठवलेले पैसे खर्च करणारा माणूस आदरालाच पात्र आहे. पण सगळं मैदान एकदा येणाऱ्यांनी भरलं, तर 0-3 ने मागे पडल्यावर गाणार कोण?

हा प्रश्न नुसता बोलण्यापुरता नाही. 25 मे 2005 रोजी इस्तंबूलमध्ये एसी मिलानविरुद्ध मध्यंतराला लिव्हरपूल 0-3 ने मागे होतं. मध्यंतरातच त्यांच्या चाहत्यांनी आपल्या क्लबचं गाणं म्हणायला सुरुवात केली. उत्तरार्धात सहा मिनिटांत तीन गोल झाले आणि पुढे पेनल्टींवर लिव्हरपूल जिंकलं. गाण्यामुळे गोल झाले असं सिद्ध करता येणार नाही, आणि तसा दावा मी करणारही नाही. पण त्या रात्रीची आठवण सांगणारा जो तो गाण्यापासून सुरुवात करतो, गोलपासून नाही. ते गाणं कुठल्या कंपनीने विकलेलं नव्हतं.

प्रेक्षक हा देखाव्याचा भाग नसून खेळाचा भाग आहे याचा पुरावा करोनाच्या काळाने सगळ्यांसमोर ठेवला. 16 मे 2020 रोजी बुंडेसलीगा ही जर्मनीची लीग पुन्हा सुरू झाली आणि डॉर्टमुंडने आपल्या कडव्या प्रतिस्पर्ध्याला, शाल्केला, 4-0 ने धुतलं. एरवी या मैदानाच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे 24 हजार माणसं उभी असतात. सामना संपल्यावर खेळाडू सवयीप्रमाणे त्या स्टँडसमोर गेले आणि रिकाम्या पायऱ्यांना अभिवादन करून परतले. लिव्हरपूलने 30 वर्षांनी लीग जिंकली ती त्याच उन्हाळ्यात, आणि करंडक उचलला तो रिकाम्या मैदानात. चित्रण उत्तम होतं. गोल तितकेच सुंदर होते. तरीही त्या विजयाबद्दल बोलताना त्या क्लबचा माणूस आजही आधी हळहळतो.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. चाहत्याची आठवण ही साक्ष असते, आणि ती साक्ष दाबली गेली तर काय होतं हे फुटबॉलने भोगलं आहे. 15 एप्रिल 1989 रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातल्या एफए कपच्या उपांत्य सामन्यात कठड्यांनी बंद केलेल्या स्टँडमध्ये माणसं चिरडली गेली. एकूण 97 जणांचा जीव गेला. दारू पिऊन, उशिरा, विनातिकीट आलेल्या चाहत्यांनी हे घडवलं, असं पोलिसांनी सांगितलं आणि वृत्तपत्रांनी छापलं. त्या स्टँडमधून जिवंत बाहेर पडलेल्यांना वेगळं आठवत होतं. उघडलेलं दार आठवत होतं, आधीच भरलेल्या भागाकडे जाणारा बोगदा आठवत होता, जाहिरातींच्या फळ्यांचं स्ट्रेचर करून चाहत्यांनीच माणसं वाहून नेल्याचं आठवत होतं. पोलिसांचं नियंत्रण सुटलं हेच मुख्य कारण, असं चौकशी करणारे न्यायाधीश लॉर्ड जस्टिस टेलर यांनी त्याच वर्षी नोंदवलं होतं. तरी चाहत्यांवरचा डाग गेला नाही. 2012 मध्ये स्वतंत्र पॅनेलने कागदपत्रं उघडली तेव्हा पोलिसांचे 164 जबाब बदलले गेल्याचं आणि त्यांतल्या 116 मधून पोलिसांना अडचणीचा मजकूर काढल्याचं समोर आलं. 2016 मध्ये ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा ठरवले आणि चाहत्यांच्या वागण्याचा त्यात काही वाटा नव्हता असा निर्णय दिला. 27 वर्षं. एवढा काळ सरकारी कागद खोटं बोलत होता आणि माणसांची आठवण खरं.

आठवणीवर विश्वास ठेवायचा कसा, ती तर फसवी असते, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. एकेका माणसाची आठवण चुकते, मान्य. गोल कुठल्या पायाने झाला, पाऊस होता की नव्हता, यात गफलत होते. गाजलेल्या सामन्याला आपण हजर होतो असं सांगणारी माणसं मैदानाच्या क्षमतेपेक्षा जास्त निघतात, हेही खरं. पण शेकडो माणसं स्वतंत्रपणे एकच दार, एकच बोगदा सांगतात तेव्हा ती आठवण नुसती आठवण राहत नाही.

धडा मात्र पुरता शिकला गेला नाही. 28 मे 2022 रोजी पॅरिसजवळ चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याला वेळेवर येऊन रांगेत उभ्या असलेल्या लिव्हरपूलच्या चाहत्यांवर अश्रुधूर सोडला गेला. मैदानातल्या पडद्यावर सांगितलं गेलं की चाहते उशिरा आल्यामुळे सामना लांबला आहे. पुन्हा तोच आरोप, त्याच क्लबच्या माणसांवर. या वेळी फरक इतकाच की रांगेतल्या माणसांच्या हातात चित्रण करणारे फोन होते, आणि 2023 मध्ये यूईएफएनेच नेमलेल्या स्वतंत्र चौकशीने मुख्य जबाबदारी यूईएफएवर टाकली. चौकशीत चाहत्यांची साक्ष घेणं ही आयोजकांची मेहेरबानी असता कामा नये. ती नियमाने, पहिल्या दिवसापासून घेतली जावी.

इथे जुन्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्यांशीही माझा वाद आहे. पूर्वीचे स्टँड स्वस्त होते, गजबजलेले होते, पण तिथे सगळ्यांना जागा नव्हती. 29 मे 1985 रोजी ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या हल्ल्यानंतर भिंत कोसळून 39 माणसं मेली, त्यांतली बहुतेक समोरच्या युव्हेंटस या इटलीच्या क्लबची चाहती. इंग्लंडच्या मैदानांवर कृष्णवर्णीय खेळाडूंवर केळ्यांच्या साली फेकल्या गेल्या. अनेक बायका त्या गर्दीत पाऊल टाकायला धजावत नसत. आठवणीवर हक्क सांगायचा तर या आठवणींचीही जबाबदारी घ्यावी लागते. त्यामुळे मी जुनं मैदान परत मागत नाही. मी मागतो ते असं मैदान, जिथे येण्याचा अधिकार खिशावर किंवा जन्मावर ठरत नाही.

जन्मावर ठरतो तेव्हा काय होतं, ते इराणने दाखवलं. तिथे कित्येक दशकं बायकांना पुरुषांच्या सामन्यांना मैदानात जाता येत नव्हतं. एस्तेगलाल क्लबची एक तरुण चाहती 2019 मध्ये पुरुषाच्या वेशात सामन्याला जाताना पकडली गेली. तुरुंगवासाच्या भीतीने तिने न्यायालयाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं आणि त्यातच ती गेली. महिन्याभराने, 10 ऑक्टोबर 2019 रोजी, तेहरानच्या आझादी मैदानावर इराण आणि कंबोडिया यांचा सामना झाला आणि सुमारे साडेतीन हजार बायकांना तिकीट मिळालं. इराण 14-0 ने जिंकला. खेळ म्हणून एकतर्फी, कुणाच्याही यादीत न बसणारा सामना. पण त्या साडेतीन हजार जणींसाठी याहून मोठा सामना झाला नसेल. लीगच्या सामन्याचं दार उघडायला आणखी जवळजवळ तीन वर्षं लागली. मैदानात असण्याचा हक्क ही चैनीची बाब आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या मुलीचा विचार करावा.

खिशाचा प्रश्न इतका भीषण नाही, पण त्याचा परिणाम लाखोंवर होतो. हिल्सबरोनंतर इंग्लंडमध्ये वरच्या श्रेणींत बसण्याची सक्ती आली आणि तिच्या आडून तिकिटं महागली. सुरक्षितता हवी तर पैसे मोजा, असं सांगितलं गेलं. टेलर यांच्या जानेवारी 1990 च्या अहवालात मात्र बसण्याची जागा परवडणारी ठेवता येते हे दाखवण्यासाठी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचं उदाहरण होतं: उभं राहायला 4 पौंड, बसायला 6. तो भाग सोयीने विसरला गेला. फेब्रुवारी 2016 मध्ये लिव्हरपूलने सर्वात महाग तिकीट 77 पौंडांवर नेण्याचं जाहीर केलं, तेव्हा संडरलंडविरुद्धच्या सामन्यात 77 व्या मिनिटाला हजारो माणसं उठून निघून गेली. तेव्हा लिव्हरपूल 2-0 ने पुढे होतं. सामना 2-2 असा सुटला. चारच दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी तिकिटाची कमाल किंमत 30 पौंड ठरवली. म्हणजे किंमत रोखता येते. ती निसर्गनियमाने वाढत नाही.

क्लब ही खासगी मालमत्ता आहे, मालकाने पैसे ओतलेत, तो म्हणेल ते होईल, हा आक्षेप सर्वात जोरात येतो. चांगले खेळाडू आणायला पैसा लागतो, तो कुठून येणार, हेही विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. पण जर्मनीत 50+1 नियमामुळे बहुतेक क्लबांत बहुमताची मतं सभासदांकडे असतात, आणि तिथली मैदानं भरलेली आहेत. डिसेंबर 2023 मध्ये तिथल्या लीगने माध्यम हक्कांच्या उत्पन्नातला 8 टक्के वाटा गुंतवणूकदाराला द्यायचा घाट घातला, तेव्हा चाहत्यांनी आठवड्यामागून आठवडा मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले. 21 फेब्रुवारी 2024 रोजी लीगने तो बेत सोडला. सामने अडवणं मला आवडत नाही. खेळायला आलेल्यांचा आणि पाहायला आलेल्यांचाही त्यात खोळंबा होतो. पण ज्याला मत नाही तो चेंडू फेकणार, हे धोरण ठरवणाऱ्यांनी समजून घ्यायला हवं. एप्रिल 2021 मध्ये युरोपच्या 12 बड्या क्लबांनी स्वतःच्या वेगळ्या स्पर्धेची, सुपर लीगची, घोषणा केली आणि दोन दिवसांत सहाच्या सहा इंग्लिश क्लब माघारी आले, तेही रस्त्यावर उतरलेल्या माणसांमुळे. प्रत्येक वेळी असं रस्त्यावर उतरावं लागणं हीच व्यवस्थेतली उणीव आहे.

अमेरिकी फुटबॉल या वेगळ्या खेळातही हेच घडलं होतं. 1995 मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सच्या मालकाने संघ बाल्टिमोरला न्यायचं ठरवलं. शहर कोर्टात गेलं, माणसं पेटून उठली, आणि 1996 च्या तडजोडीत खेळाडू आणि करार बाल्टिमोरला गेले, पण नाव, रंग आणि सगळा इतिहास क्लीव्हलंडमध्ये राहिला. 1999 मध्ये त्याच नावाने नवा संघ मैदानात उतरला आणि जुने विक्रम त्याच्याच नावावर लागले. मालकीहक्काला एवढं पवित्र मानणाऱ्या देशातही आठवणीचं वेगळं खातं मांडता आलं. मग इतरांना ते अशक्य का वाटावं?

इंग्लंडने आता पहिलं पाऊल टाकलं आहे. 1885 पासूनचा बरी हा क्लब ऑगस्ट 2019 मध्ये लीगमधून काढून टाकला गेला, मागून सुपर लीगचा धक्का बसला, आणि या सगळ्यातून 2025 चा फुटबॉल प्रशासन कायदा आणि स्वतंत्र नियामक आला. चिन्ह आणि घरच्या जर्सीचे रंग बदलायला त्यात चाहत्यांच्या बहुमताचा पाठिंबा लागतो; बाकी वारसा, मैदान, तिकिटं यांबाबत क्लबने चाहत्यांशी बोलावं, एवढीच अपेक्षा आहे. मला हे अपुरं वाटतं. बोलून घेतल्यानंतर हवं तेच करायला मालक मोकळा असेल, तर त्या बोलण्याला वजन येत नाही. स्पेनच्या लीगने डिसेंबर 2025 मधला विलारिआल आणि बार्सिलोना यांचा सामना मायामीत खेळवायचं जाहीर केलं, तेव्हा विलारिआलच्या चाहत्यांनी मतदान करून होकार दिला नव्हता. तो बेत ऑक्टोबरात रद्द झाला, पण कुठल्या अधिकारामुळे नव्हे, विरोधाचा जोर वाढला म्हणून. नाव, रंग, चिन्ह, मैदान, आणि लीगचा घरचा सामना घरी खेळणं, एवढ्या गोष्टींवर सीझन तिकीट असणाऱ्यांचं आणि नोंदलेल्या सभासदांचं बंधनकारक मतदान हवं. तिकिटांच्या किमतीबाबत मतदान अवघड आहे हे मला मान्य आहे, कारण आज जागा असलेला माणूस उद्या येऊ पाहणाऱ्याच्या विरोधात मत देऊ शकतो. तिथे कायद्यानेच कमाल मर्यादा घालावी, आणि प्रत्येक सामन्यात काही जागा तरुणांसाठी आणि पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी कमी दरात, सोडत काढून राखाव्यात.